मराठी रॅपरने ऑनलाइन श्रोते कसे जमवावेत: शब्दांपासून रॉयल्टीपर्यंत

मराठीत रॅप करणाऱ्याला गाणं लोकांपर्यंत न्यायला आज कंपनीची गरज नाही. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर शूट केलेला पहिला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि त्यावरून त्याचं नाव देशभर झालं. तेव्हापासून साधनं आणखी स्वस्त झाली आहेत. घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्यावर. गाणं चालतं, लाखभर लोक ऐकतात आणि मग लक्षात येतं की बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, दुसऱ्याच्या नावावर आहे, चॅनल मित्राच्या जीमेलवर आहे आणि सही केलेल्या कागदात ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं आहे. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी गाणं पक्कं, मग मालकी पक्की, आणि त्यानंतर गाजावाजा.

लिहिताना घड्याळ समोर ठेवा

रॅपचं मोजमाप बारमध्ये होतं. एक बार म्हणजे चार ठोके. बीट ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचा, असेल तर एक बार सुमारे २.७ सेकंदांचा आणि सोळा बारचा व्हर्स (कडवं) ४३ सेकंदांचा होतो. १४० बीपीएमच्या ड्रिल किंवा ट्रॅप बीटवर तेच सोळा बार २७ सेकंदांत संपतात. हा हिशोब आधी केला नाही की व्हर्स आणि हुक (पुन्हा पुन्हा येणारं धृपद) लांबत जाऊन साडेचार मिनिटांचं गाणं तयार होतं, आणि नव्या रॅपरचं एवढं लांब गाणं अनोळखी माणूस शेवटपर्यंत ऐकत नाही. सुरुवातीची गाणी दोन ते पावणेतीन मिनिटांत बसवा. बीटचा नुसता इंट्रो चार बारपेक्षा लांब ठेवू नका. शक्यतो आवाज पहिल्या पाच सेकंदांत आणि हुक पहिल्या तीस सेकंदांत यायला हवा.

९० बीपीएमला एका बारमध्ये आठ ते बारा अक्षरं आरामात बसतात. सोळा म्हणजे प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून प्रत्येकावर एक अक्षर. तिथे श्वासाची जागा आधीच ठरवावी लागते. अक्षरं मोजताना कागदाकडे न बघता तोंडाकडे लक्ष द्या. ‘करतो’ लिहिताना तीन अक्षरं दिसतात, उच्चारताना दोनच येतात. कागदावर बरोबर बसलेली ओळ माइकसमोर घसरते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक फार सहज जुळतं आणि तितकंच कंटाळवाणं होतं. चार ओळींच्या शेवटी ‘-तो, -तो, -तो, -तो’ आलं तर जुळलेलं यमक प्रत्ययाचं असतं, शब्दांचं नव्हे. यावर उपाय म्हणजे क्रियापद ओळीच्या मध्ये ओढा आणि शेवटी नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण ठेवा:

महिन्याची दहा तारीख, पाकीट झालं बारीक
मालकाची हाक येते दारावर सकाळी
उधारीची यादी मी लिहून ठेवली कपाळी

‘तारीख–बारीक’ आणि ‘सकाळी–कपाळी’ या जोड्यांत शेवटचं अक्षरच नाही, सगळ्या अक्षरांचे स्वर जुळतात. व्यंजनं वेगळी असली तरी कानाला यमक भरगच्च वाटतं. सरावासाठी रोज एक साधा शब्द घेऊन त्याच स्वरांचे दहा शब्द लिहा. महिन्याभरात स्वतःचा यमककोश तयार होतो आणि फ्रीस्टाइलमध्येही, म्हणजे आयत्या वेळी रचून रॅप करताना, तोच कामी येतो.

बोलीबद्दल आमचं मत ठाम आहे: घरात जी बोलता तीच गाण्यात येऊ द्या. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, कोल्हापुरी, बेळगावी, जी असेल ती. पहिले हजार श्रोते ‘आपल्याकडचं आहे’ म्हणूनच गाणं पुढे पाठवतात. प्रमाण मराठीत किंवा मुंबईच्या हिंदीत लिहिलं की पहिल्या दिवसापासून स्पर्धा मोठ्या नावांशी होते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटात एमसी मवालीचं मराठी आणि एमसी तोडफोडचं गुजराती शेजारी शेजारी उभं राहिलं. दोन्ही आपापल्या मातीतलं असल्यामुळेच ते ऐकणाऱ्याला भिडलं.

बीट: इथली चूक सगळ्यात महाग पडते

यूट्यूबवर ‘फ्री बीट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी मोफत असतं. गाणं स्पॉटिफायवर टाकलं किंवा व्हिडिओवर जाहिराती लावल्या की तो वापर व्यावसायिक होतो. मग लीज, म्हणजे बीट वापरायचा विकतचा परवाना, घ्यावीच लागते. बीटस्टार्ससारख्या बीट विकणाऱ्या साइटवर साधारण चार प्रकार असतात: एमपी३ लीज, वेव्ह लीज, वेगवेगळ्या ट्रॅकसकट मिळणारी लीज आणि एक्सक्लुझिव्ह. पहिल्या तिन्हींत बीट बनवणारा तोच बीट आणखी कितीही जणांना विकू शकतो. शिवाय स्ट्रीमची मर्यादा आणि मुदत असते. परवान्याचा कागद पीडीएफ म्हणून जपून ठेवा आणि त्यातली स्ट्रीमची मर्यादा पिवळ्या रंगाने अधोरेखित करा. मर्यादा ओलांडली की वरची लीज घ्यायची असते.

आता सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट. लीजवर घेतलेल्या बीटचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (इतरांच्या व्हिडिओंत तुमचं गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) नोंदवू नका. गाणं अपलोड करताना डिस्ट्रिब्युटर (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोहोचवणारी सेवा) तसा पर्याय विचारतो आणि पैशांच्या आशेने त्यावर टिक केली जाते. मग तोच बीट घेतलेल्या इतर रॅपरच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जातात, बीट बनवणारा तक्रार करतो आणि गाणं सगळीकडून उतरवलं जातं. कधीकधी डिस्ट्रिब्युटर खातंच बंद करतो. कंटेंट आयडी फक्त एक्सक्लुझिव्ह बीटसाठी किंवा स्वतःच्या माणसाने मूळपासून बनवलेल्या बीटसाठी.

म्हणून गावातला, कॉलेजातला एखादा प्रोड्युसर शोधून त्याच्याबरोबर दीर्घकाळ काम करणं सर्वांत शहाणपणाचं. पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून घ्या: ध्वनिमुद्रणाची मालकी किती-किती टक्के, शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, कुणाचं नाव कसं छापायचं. दोघांच्या सह्या आणि तारीख. मैत्री असताना हा कागद पाच मिनिटांत होतो. गाणं चालल्यावर तोच कागद करायला वकील लागतो.

जुन्या लावणीचा किंवा चित्रपटगीताचा तुकडा वापरायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. भारतात शब्द-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. तुकोबांचा अभंग तुम्ही स्वतः म्हणू शकता. एखाद्या गायकाने अलीकडे गायलेल्या त्याच अभंगाचं रेकॉर्डिंग कापून वापरू शकत नाही. पारंपरिक गोंधळ किंवा पोवाड्याचा बाज हवा असेल तर संबळ-तुणतुणं वाजवणारे कलाकार बोलावून नवं रेकॉर्ड करा. खर्च थोडा होतो, पण तो आवाज तुमच्या मालकीचा होतो.

घरच्या घरी रेकॉर्डिंग

साधा कंडेन्सर माइक, एक इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, पॉप फिल्टर, स्टँड आणि बंद हेडफोन: वीस-पंचवीस हजारांत काम भागतं. तेवढेही नसतील तर बँडलॅब ॲप आणि मोबाइलवर सुरुवात करा. पण खोली नीट करा, कारण महागडा माइक रिकाम्या खोलीचा घुमारा आणखी स्पष्ट पकडतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टांगलेल्या गोधड्या. माइक भिंतीपासून दूर. पंखा, फ्रीज, वायफाय राउटर बंद किंवा लांब. कुकरच्या शिट्ट्या आणि लोकलचा भोंगा मिक्सिंगमध्ये निघत नाही, म्हणून वेळ रात्री अकरानंतरची.

तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर, किंचित तिरकं, म्हणजे ‘प, फ, भ’चा फटका थेट बसणार नाही. फाइल २४ बिटची ठेवा. सर्वांत मोठ्या ओळीचा आवाज -१२ ते -६ डेसिबलमध्ये राहील असा गेन (माइकची पातळी) लावा. तांबडा दिवा लागला तर तो टेक फेकून द्या. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मुख्य टेकनंतर ओळींच्या शेवटच्या शब्दांवर डबल (तेच शब्द पुन्हा म्हणून) घ्या आणि ॲडलिब (मधेमधे टाकलेले उद्गार) वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

मिक्सिंगचं सोपं सूत्र: लीजचा बीट आधीच मोठ्या आवाजात मास्टर केलेला (अंतिम पातळीवर आणलेला) असतो, म्हणून तो सुरुवातीलाच सहा डेसिबल खाली आणा. आवाजातलं ८०–१०० हर्ट्झच्या खालचं कापा, २०० ते ४०० हर्ट्झमध्ये घोगरेपणा असेल तर दोन-तीन डेसिबल कमी करा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं साधन) ३:१ किंवा ४:१, चार-सहा डेसिबल दाबेल इतपतच. मराठीत ‘चमचा’, ‘जग’, ‘झाड’ यांतल्या च-ज-झचा उच्चार दातांजवळून होतो आणि स-शइतकाच कानाला टोचतो. डी-एसर (असे टोचणारे आवाज दाबणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झवर लावताना हे शब्द ऐकून तपासा. स्पॉटिफाय साधारण -१४ लफ्सवर (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळी गाणी समान करतं, त्यामुळे त्याहून फार मोठ्याने मास्टर करून हाती फक्त चपटा आवाज लागतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत वरचं टोक, -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर, दोनशे रुपयांच्या इअरफोनवर आणि रिक्षात ऐका. तिन्ही ठिकाणी प्रत्येक शब्द कळला तरच मिक्स झालं असं समजा.

नाव, खाती आणि डिस्ट्रिब्युटर

नाव ठरवण्याआधी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम चारही ठिकाणी शोधा. त्याच नावाचा कुणी आधीपासून असेल तर तुमचं गाणं त्याच्या प्रोफाइलवर जाऊन बसतं आणि ते हलवायला आठवडे जातात. रोमन लिपीत एकच स्पेलिंग ठरवा आणि ते कधीही बदलू नका. सगळी खाती गाण्यासाठी उघडलेल्या एकाच नव्या जीमेलवर काढा. पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी स्वतःच्या हातात. इन्स्टाग्रामवर ‘बिझनेस’ऐवजी ‘क्रिएटर’ प्रकार निवडा, कारण बिझनेस खात्याला गाण्यांची लायब्ररी पूर्ण मिळत नाही.

डिस्ट्रिब्युटर तीन तऱ्हांनी पैसे घेतात: वर्षाची फी आणि हवी तेवढी गाणी, गाण्यामागे एकदाच फी, किंवा फी नाही पण कमाईत वाटा. वर्षाला सहा-आठ गाणी काढणार असाल तर वार्षिक फी परवडते. मात्र फी भरणं थांबवल्यावर गाणी उतरवली जातात का, हे आधी वाचा. अपलोड करायला वेव्ह फाइल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं कव्हर लागतं. कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट किंवा इन्स्टाग्रामचं नाव टाकलं तर ते नाकारलं जातं. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. घाईत हिंदी राहिली तर गाणं चुकीच्या संपादकासमोर जातं. शिव्या असतील तर ‘एक्स्प्लिसिट’ची खूण करा. नाव रोमनमध्ये आणि देवनागरीत, दोन्ही प्रकारे शोधलं जातं, म्हणून यूट्यूबच्या शीर्षकात दोन्ही लिपी ठेवा आणि संपूर्ण गीत देवनागरीत वर्णनात द्या.

तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची द्या. गाणं स्पॉटिफायवर पोहोचलं की ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून प्लेलिस्टसाठी अर्ज करता येतो, तो प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी गेला तरच गाणं फॉलोअरच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत नक्की दिसतं. अर्जात ‘जबरदस्त गाणं आहे’ असं लिहू नका; बोली कोणती, विषय काय, वाद्यं कोणती, कोणत्या जिल्ह्यात आधीपासून ऐकलं जातं हे लिहा. एक गाणं बाहेर पडल्यावर यूट्यूबवर ‘ऑफिशियल आर्टिस्ट चॅनल’साठी डिस्ट्रिब्युटरमार्फत अर्ज करा, म्हणजे आपोआप तयार झालेलं ‘टॉपिक’ चॅनल तुमच्या चॅनलमध्ये मिसळतं. कंटेंट आयडी लावला असेल तर स्वतःचं चॅनल त्यातून वगळून घ्या, नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येतो.

एका गाण्यातून दहा क्लिप

नवीन माणूस पूर्ण गाणं शोधत येत नाही. तो आधी उभ्या क्लिपमध्ये तुम्हाला भेटतो. शूट करताना १०८० बाय १९२०, उजेड समोरून आणि पहिल्याच सेकंदाला ओळ सुरू. लोगो, ‘नमस्कार मित्रांनो’, बीटची वाट पाहणं, सगळं काढून टाका. गाणं येण्याआधी तीन-चार दिवसांत दोनच क्लिप टाका. महिनाभर आधीपासून टाकलं आणि एखादी चालली तर लोक गाणं शोधतात, सापडत नाही आणि निघून जातात.

प्रकाशनानंतरच्या तीन आठवड्यांत आठेक क्लिप: हुक कॅमेऱ्यात बघून, सर्वांत धारदार चार बार शब्दांसकट, गावच्या एसटी स्टँडवर किंवा मासळी बाजारात एका टेकमध्ये, बीटशिवाय नुसता आवाज, एखादं यमक कसं बसवलं ते दाखवणारी, कमेंटला रॅपमधून उत्तर. प्रत्येकीला लायब्ररीतलं तुमचं प्रकाशित गाणंच लावा, ‘ओरिजनल ऑडिओ’ नाही, म्हणजे लोकांनी त्यावर केलेल्या रील गाण्याच्याच पानावर जमा होतात. लायब्ररीत तुकडा कुठून सुरू व्हावा हे डिस्ट्रिब्युटर विचारत असेल तर हुकचा सेकंद द्या. दुसऱ्या रॅपरबरोबर केलेली क्लिप ‘कोलॅब पोस्ट’ करा. ती दोघांच्याही फॉलोअरपर्यंत जाते.

शब्द पडद्यावर देवनागरीतच हवेत. ध्वनी बंद ठेवून बघणारे खूप असतात आणि वेगवान ओळ वाचल्यावरच पोहोचते. काही एडिटिंग ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्ह’ आणि ‘र्‍या’ तर हमखास. मुक्त किंवा बालू हे मोफत युनिकोड फाँट टाकून एकदा तपासा. खालच्या पाचव्या भागात काही लिहू नका, तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात.

आकड्यांकडे आठवड्यातून एकदा बघा. रोज बघून फक्त जीव खालीवर होतो. यूट्यूबवर पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के उरले ते पाहा. अर्ध्याहून जास्त गळत असतील तर इंट्रो किंवा मिक्समध्ये दोष आहे. लोक एकाच ठिकाणी मागे जाऊन पुन्हा ऐकत असतील तर पुढची क्लिप तिथूनच कापा. स्पॉटिफायवर ऐकलेल्यांपैकी किती जणांनी गाणं सेव्ह केलं हा आकडा स्ट्रीमच्या संख्येपेक्षा जास्त खरा. शहरांची यादी नीट वाचा: पुणे-नाशिकसोबत इंदूर, बडोदा, दुबई दिसले तर तिथल्या महाराष्ट्र मंडळांना निरोप धाडण्यात अर्थ आहे.

‘पाच हजारांत एक लाख स्ट्रीम’ म्हणणारे मेसेज पहिल्याच गाण्यानंतर येतील. ते बॉट असतात. स्पॉटिफाय खोटे स्ट्रीम वगळतं, डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं आणि डिस्ट्रिब्युटर गाणं काढतो. त्याहून वाईट म्हणजे आकडेवारी दूषित होते आणि तुमचा खरा श्रोता कुठे आहे हेच कळेनासं होतं.

पैसा आणि हक्क

स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला २०२४ पासून काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. खातं मंजूर झाल्यावर अमेरिकेच्या कराचा फॉर्म लगेच भरा. भारत–अमेरिका करारामुळे अमेरिकी प्रेक्षकांच्या हिश्शावर १५ टक्के कपात होते. फॉर्मच न भरल्यास एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. ॲडसेन्सचा पिन पोस्टाने येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला सापडेल असा लिहा.

डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो ध्वनिमुद्रणाचा पैसा. शब्द आणि संगीताची रॉयल्टी वेगळी असते आणि ती आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत मिळते. बहुतेक नवे रॅपर तिथे नोंदणीच करत नाहीत. एक गाणं प्रकाशित झालं की गीतकार म्हणून सदस्य व्हा आणि प्रत्येक गाणं प्रोड्युसरच्या वाट्यासह नोंदवा. मघाचा एका पानाचा कागद इथे लागतो. कॉपीराइट आपोआप मिळतो, पण वादाची शक्यता असेल तर शब्दांची सरकारी नोंदणी ५०० रुपयांत आणि ध्वनिमुद्रणाची २,००० रुपयांत होते.

एखादं लेबल करार घेऊन आलं तर चार गोष्टी शोधा: मुदत, प्रदेश, गाणी किती, आणि नाव व चॅनलवर हक्क कुणाचा. कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढाच धरला जातो. म्हणूनच बहुतेक करारांत ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं स्पष्ट छापलेलं असतं. ते खोडून वर्षं लिहायला सांगा. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येत नाही. तसं लिहून घेणारं कलम टिकत नाही, हे बोलणीच्या वेळी माहीत असू द्या.

राजकीय गाण्यांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. २०२३ मध्ये राजकीय गाण्यांवरून मराठी रॅपरवर गुन्हे दाखल झाले. शाहिरी परंपरेच्या मुलखात अशी गाणी लिहिली गेलीच पाहिजेत. फक्त एखाद्या व्यक्तीवर ठरावीक रकमेचा किंवा कृत्याचा आरोप करताना हाताशी पुरावा ठेवा, जातिवाचक शब्द टाळा आणि प्रकाशनाआधी शब्द एखाद्या वकिलाला दाखवा.

मंचावर

ऑनलाइन श्रोता टिकतो तो प्रत्यक्ष ऐकल्यावर. कॉलेजचं गॅदरिंग, गणेशोत्सव, सायफर (रॅपर गोल करून आळीपाळीने रॅप करतात तो मेळा) यांसाठी वीस मिनिटांचा संच तयार ठेवा: पाच गाणी, प्रत्येकाचा मुख्य आवाज काढलेला पण ॲडलिब आणि हुकचा डबल ठेवलेला ट्रॅक, पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर. पूर्ण गाणं लावून वरून ओरडणं लोकांना लगेच कळतं. साउंडवाल्याला मॉनिटर आधी मागा. तो नसेल तर मंडपात आवाज उशिरा परत येतो आणि ताल सुटतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो, ठरावीक दिवसांपुरतीच बारापर्यंत सवलत असते, म्हणून आपला क्रमांक कितवा हे लेखी घ्या. कंपनी किंवा कॉलेजने टीडीएस कापला तर तो पॅनवर जमा झाला का ते तपासून विवरणपत्र भरा. मानधनाचा अर्धा भाग तारीख देतानाच घ्या, उरलेला मंचावर चढण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर कार्यकर्ते मांडव आवरण्यात गुंतलेले असतात आणि पैसे देणारा माणूस नेमका तेव्हाच सापडत नाही.